ध्वनिमुद्रणाचा संगणक वारंवार बंद पडतो : मिरजेतील एका खोलीतल्या दुरुस्तीच्या नोंदी

मिरजेत घराच्या वरच्या मजल्यावर माझी ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली आहे. तेथे मुख्यतः भजनी मंडळांचे मुद्रण होते, आणि अधूनमधून येथील कारागीर नवा तंबोरा जवारी लावून झाल्यावर त्याचा नाद जपून ठेवण्यासाठी घेऊन येतात. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, आषाढी एकादशी ६ जुलैला आहे आणि त्याआधी एका मंडळाचे बारा अभंग पूर्ण करून द्यायचे मी कबूल केले आहे. एप्रिलच्या मध्यापासून संगणक काम चालू असताना बंद पडू लागला. ज्यांच्यावर अशीच वेळ आली असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून दुरुस्ती करताकरताच या नोंदी ठेवल्या आहेत, आणि चुकलेल्या वाटाही त्यांतून काढून टाकलेल्या नाहीत.

संगणक असा आहे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी, विंडोज १०, रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि माइकचा आवाज संगणकात आणणारा, यूएसबीवर चालणारा आठ चॅनेलचा इंटरफेस. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

२ मे २०२५, शुक्रवार

आज मंडळाचे पहिले सत्र झाले. विणेकरी, पखवाज, हार्मोनिअम आणि सहा टाळकरी अशी मंडळी सकाळी नऊ वाजता आली आणि दुपारी दोनपर्यंत संगणक तीन वेळा बंद पडला. एकदा रीपर काही न सांगता नाहीसे झाले, एकदा निळी स्क्रीन आली आणि एकदा बटण दाबावे तसा संपूर्ण संगणक विझला. विणेकरी बुवा सत्तरी ओलांडलेले आहेत. तिसऱ्या वेळी ते एवढेच म्हणाले, "माऊली, परत म्हणायला माझी ना नाही, पण मघाचा लागलेला सूर परत लागेल याची हमी मी देऊ शकत नाही." त्या वाक्याने मला फार अपराधी वाटले. पुढचे सत्र मी १४ जूनपर्यंत पुढे ढकलले.

४ मे, रविवार

काल आणि आज मिळून दोन दिवस विंडोज पुसून नव्याने घालण्यात गेले, आणि या कामातली सर्वांत मोठी चूक हीच होती. बंद पडण्याचे कारण कळलेले नसताना मी सगळी पाटी कोरी केली, त्यामुळे आधीच्या प्रत्येक प्रसंगाची विंडोजने ठेवलेली नोंदही पुसली गेली. शिवाय दोन प्लगइनचे (रीपरला जोडायच्या छोट्या ध्वनिप्रोग्रामांचे) परवाने आधी मोकळे करून घ्यायचे राहिले. त्यांतला एक परवाना दोनच संगणकांवर चालतो आणि कंपनीच्या लेखी माझ्या दोन्ही जागा आता भरलेल्या आहेत. त्यांना पत्र लिहिले आहे.

नव्याने घालायचेच तर विंडोज ११ घालावे, असा विचार मनात आला होता, कारण १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि हा प्रोसेसर ११ वर चालतो. तरीही मी १० च ठेवले. आजाराचे निदान चालू असताना घरही बदलले तर ताप कशाने उतरला हे कळत नाही.

६ मे, मंगळवार

कोऱ्या विंडोजवर आज दुपारी चारच्या सुमारास पुन्हा निळी स्क्रीन आली आणि रात्री नऊला संगणक विझला. म्हणजे ते दोन दिवस वाया गेले.

आज एक वही काढली. प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्या क्षणी उघडे असलेले प्रकल्प, बफरचा (ध्वनी एका वेळी जेवढ्या तुकड्याने हाताळला जातो त्याचा) आकार आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडण्याची रीत, असे चार रकाने आखले. रीत तीन प्रकारची आहे : फक्त रीपर बंद होते आणि विंडोज चालू राहते, निळी स्क्रीन येते, किंवा वीज तोडल्यासारखा सगळा संगणक विझतो. इतके दिवस मी या तिघांना एकच दुखणे समजत होतो. आता मला ही तीन वेगळी दुखणी वाटतात आणि प्रत्येकाचा माग स्वतंत्रपणे काढायचे ठरवले आहे.

८ मे, गुरुवार

आधी पहिला प्रकार. रीपर बंद झाल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन या विभागात १००० क्रमांकाची नोंद सापडते. तिच्यात कोणता प्रोग्राम पडला, कोणत्या फाइलमध्ये पडला आणि कोणत्या चुकीमुळे पडला हे लिहिलेले असते. माझ्याकडे दोन नोंदी जमल्या होत्या आणि दोन्हींत चूक ॲक्सेस व्हायोलेशन ही होती, म्हणजे प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला होता. फाइलचे नाव मात्र ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचे होते.

म्हणून संध्याकाळभर ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढण्याचे काम केले. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवा घातला, मग त्याच्या आधीची आवृत्ती घातली. रात्री अकराला रीपर पुन्हा त्याच फाइलमध्ये पडले. त्या नोंदीतले नाव कोण कुठे पडला एवढेच सांगते, त्याला ढकलले कोणी हे सांगत नाही. हे लक्षात यायला पाच तास लागले.

१० मे, शनिवार

ढकलणारा सापडला. रीपरमध्ये प्रकल्प उघडण्याच्या चौकटीत सर्व इफेक्ट बंद ठेवून उघडण्याची सोय आहे, तिचा उपयोग केला. प्रकल्पात २२ प्लगइन होते. सगळे बंद असताना प्रकल्प दोन तास निर्धोक चालला. मग निम्मे चालू केले, ते ठीक निघाले, म्हणून उरलेल्यांतले निम्मे चालू केले, आणि असे अर्धे अर्धे करत पाचव्या फेरीला एका रिव्हर्बपाशी, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या प्लगइनपाशी, आलो. एकेक करून तपासले असते तर दिवस गेला असता, अशा रीतीने दीड तासात काम झाले.

ते कित्येक वर्षांपूर्वीचे, जुन्या व्हीएसटी २ स्वरूपातले फुकट प्लगइन आहे. त्याचा आवाज उत्तम आहे आणि ध्वनीच्या बाजूने ते कधीच चुकत नाही. त्याची खिडकी मार्चमध्ये जोडलेल्या मोठ्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडली तरच रीपर पडते. त्या मॉनिटरवर अक्षरे दीडपट मोठी करून ठेवलेली आहेत, पहिल्यावर मूळ मापात आहेत. खिडकी पहिल्या मॉनिटरवर वीस वेळा उघडली आणि काही झाले नाही. दुसऱ्यावर तिसऱ्याच वेळी रीपर पडले.

उपाय दोन टप्प्यांत केला. प्लगइनच्या यादीत त्या नावावर उजवे बटण दाबून ते स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालेल असे ठरवले. आता ते पडले तरी एकटेच पडते, रीपरला सोबत नेत नाही. त्यानंतर बारापैकी ज्या चार अभंगांत ते वापरले होते त्यांतील रिव्हर्बचे ट्रॅक ध्वनिरूपात उतरवून घेतले आणि पुढच्या कामासाठी वेगळे रिव्हर्ब घेतले. खर्च शून्य.

१३ मे, मंगळवार

आता तिसरा प्रकार, सगळे विझणे. याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम विभागात कर्नल-पॉवर ४१ या नावाने मिळते. ही नोंद पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण तिचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता' एवढाच आहे. उपयोगाचा भाग तिच्या तपशिलात असतो. तेथे बगचेकचा (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा) आकडा शून्य असेल तर विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळालेला नसतो, आणि म्हणून संशय विजेवर, तापमानावर किंवा क्वचित मदरबोर्डवर जातो. माझ्या तिन्ही नोंदींत आकडा शून्य होता.

तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामने पाहिले. भर दुपारी, खोली ३६ अंशांवर असताना आणि सगळे ट्रॅक चालू असतानाही प्रोसेसर ७८ अंशांच्या वर गेला नाही. म्हणून मी एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलायचे ठरवले आणि सांगलीहून ४,४०० रुपयांना नवा आणला.

१६ मे, शुक्रवार

नव्या एसएमपीएसवरही संगणक काल रात्री ८:५० ला विझला. पेटी उघडलेली असल्यामुळे दुकानदार वस्तू परत घेणार नाहीत. जुन्या एसएमपीएसची आधी दुसऱ्या संगणकावर परीक्षा घ्यायला हवी होती. शेजारच्या घरात जुना संगणक आहे आणि तो एका दिवसासाठी मागता आला असता.

१८ मे, रविवार

वहीने आज कारण दाखवले. विझण्याच्या वेळा एकाखाली एक लिहिल्यावर दिसले की सातपैकी सहा प्रसंग संध्याकाळी सात ते दहा या वेळातले आहेत. त्याच वेळी आमच्या गल्लीत व्होल्टेज खाली जाते आणि वीज क्षणभर जाऊन येते. खोलीची जोडणी इन्व्हर्टरवर असल्यामुळे मी विजेचा विचारच केला नव्हता, कारण दिवा विझत नव्हता, पंखा थांबत नव्हता.

इन्व्हर्टरच्या मागे एक लहान बटण असते. त्याच्या एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल असे लिहिलेले असते. माझे बटण इकोवर होते. घरच्यांना विचारल्यावर कळले की एप्रिलमध्ये इन्व्हर्टर सतत टकटक करत बॅटरीवर जात होता, म्हणून वायरमनने ते बटण फिरवले होते. त्यांची यात काहीच चूक नाही. यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्ट एवढाच पट्टा मान्य करतो आणि त्याबाहेर लगेच बॅटरीवर जातो. इको स्थितीत तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत सगळे चालवून घेतो, पण वीज गेल्यावर बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पंख्याला आणि दिव्याला तो वेळ जाणवत नाही. संगणकाचा एसएमपीएस मात्र विजेवाचून पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. इको स्थितीतला बदल याहून बराच लांबतो.

बटण यूपीएसवर केले आणि इन्व्हर्टरचा मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून पाहिला. संगणक एकदाही विझला नाही. मग मुद्दाम पुन्हा इकोवर करून पाहिले. चौथ्या वेळी विझला. दुखणे हवे तेव्हा उभे करता आले तरच निदान पक्के, हे मी या प्रकरणात शिकलो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला तेच केले.

व्होल्टेज कमी झाल्यावर होणारी टकटक आता परत येणार आणि बॅटरी जास्त वापरली जाणार. म्हणून फक्त संगणक, मॉनिटर आणि इंटरफेस यांच्यासाठी ६०० व्हीएचा एक छोटा यूपीएस २,९०० रुपयांना घेतला आणि इन्व्हर्टर घरच्यांसाठी परत इकोवर ठेवला. माझा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे म्हणून त्याच्यापुढे हा यूपीएस नीट चालतो. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरपुढे काही यूपीएस ती वीज खराब समजून सारखे बॅटरीवर जातात, तेव्हा विकत घेण्याआधी जोडून पाहावे.

२१ मे, बुधवार

उरली निळी स्क्रीन. विंडोजच्या फोल्डरात मिनिडंप नावाचे एक फोल्डर असते आणि प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक लहान फाइल त्यात पडते. माझ्याकडे आता पाच जमल्या आहेत. या फाइल वाचणाऱ्या ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्राममध्ये उघडल्यावर पाचांत चार वेगवेगळी नावे निघाली : दोनदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया आणि एकदा सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. दोषी म्हणून दाखवलेल्या फाइलही दर वेळी निराळ्या होत्या. एखादा ड्रायव्हर वाईट असता तर त्याचे नाव पुन्हापुन्हा आले असते. दर वेळी नवा आरोपी पुढे येतो तेव्हा सगळ्यांच्या पायाखालची जमीन, म्हणजे रॅम, आधी तपासावी.

रॅमची हकिकत येथे सांगणे भाग आहे. मूळ १६ जीबी, म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या, २०२० पासून निर्धोक चालत होत्या. जानेवारीत तंतुवाद्यसमूहाची एक सॅम्पल लायब्ररी (आधी मुद्रित केलेल्या सुरांचा संग्रह) घेतली, ती १६ जीबीत मावेना, म्हणून आणखी आठ-आठच्या दोन पट्ट्या घातल्या. कंपनी वेगळी, पण वेग तोच, ३२००. फेब्रुवारीपासून महिन्यातून एखादी निळी स्क्रीन येत होती आणि मी ती विंडोजच्या अपडेटवर ढकलून मोकळा होत होतो. एप्रिलमध्ये त्या लायब्ररीचे काम वाढले आणि प्रसंगही वाढले. ब्राउझर आणि पत्रे यांच्यात पाच-सहा जीबीच वापरली जाते. ती लायब्ररी वाजवणारा सॅम्पलर मात्र २४-२५ जीबी भरतो आणि ती सगळी सतत वाचत राहतो, त्यामुळे दोष असेल तर त्यावर पाय पडण्याची शक्यता किती तरी पटींनी वाढते.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला आणि रात्री १०:४० ला चालू केला.

२२ मे, गुरुवार

३८ व्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली. सकाळपर्यंत चार फेऱ्यांत ४७ चुका झाल्या. फुकट आवृत्तीत चारच फेऱ्या होतात, पण त्या पुरतात. चुका शेवटच्या हॅमर चाचणीतल्या (मेमरीच्या एकाच जागी सतत घाव घालणाऱ्या) नाहीत, आधीच्या साध्या चाचण्यांतल्या आहेत. फक्त हॅमरमध्येच चुका आल्या असत्या तर रोजच्या वापरात त्यांना फारसे महत्त्व दिले नसते. साध्या चाचण्यांत मात्र एकही चूक मान्य करता येत नाही.

२६ मे, सोमवार

चार दिवस चार पट्ट्या. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आहे, वीज दोनदा बराच वेळ गेली आणि एक चाचणी अर्धवट राहिली. प्रत्येक पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि ती एकटी लावून तपासली.

चारही पट्ट्या निर्दोष निघाल्या, एकही चूक नाही. चौघी परत लावल्या आणि वीस मिनिटांत चुका सुरू झाल्या.

येथे मी पुरता गोंधळलो. संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी सगळे ऐकून मदरबोर्डचे स्लॉट गेले असावेत असे मत दिले आणि नव्या बोर्डाचा अंदाज ९,५०० रुपये सांगितला. एसएमपीएसचा धडा ताजा होता म्हणून मी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी पट्ट्या टेबलावर ठेवून भिंगाखाली त्यांच्यावरची लेबले वाचली. जुन्या पट्ट्यांवर ३२००, सीएल (उत्तर द्यायला लागणारे ठोके) १६, १.३५ व्होल्ट असे लिहिलेले आहे. नव्यांवर ३२००, सीएल २२, १.२ व्होल्ट. विकत घेताना मी फक्त ३२०० हा आकडा पाहिला होता.

कोडे येथे सुटले. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ मांडणीत, एक्सएमपी (पट्टीत निर्मात्यांनी लिहून ठेवलेले जलद चालीचे कोष्टक वापरण्याची सोय) २०२० पासून चालू आहे. चौघी लावल्यावर बोर्ड जुन्या पट्ट्यांची कोष्टकातली घाई, म्हणजे सीएल १६, सगळ्यांवर लादतो. ज्या पट्टीला मागितल्यानंतर उत्तर द्यायला २२ ठोके लागतात असे तिच्या निर्मात्यांनी ठरवले आहे, तिच्याकडून १६ ठोक्यांत उत्तर मागितले जाते. विलंबित लयीत गाणाऱ्याला अचानक द्रुतात ओढल्यावर तो बहुतेक वेळा पोहोचतो आणि मध्येच एखाद्या वेळी समेवर चुकतो, तसे हे आहे. नवी पट्टी एकटी असताना तिच्यात एक्सएमपीचे कोष्टकच नसते, म्हणून बोर्ड तिला तिच्या स्वतःच्या चालीने चालवतो आणि ती निर्दोष ठरते. माझी एकट्या पट्टीची परीक्षा खरी होती, पण जी परिस्थिती तपासायची होती ती तिच्यात उभीच राहत नव्हती.

शिवाय या प्रोसेसरसाठी ३२०० हा अधिकृत वेग दोन पट्ट्यांपुरताच आहे. चार पट्ट्या लावल्यावर पट्ट्यांच्या रचनेप्रमाणे तो २९३३ किंवा २६६७ वर येतो. जानेवारीत हे वाचले असते तर सोळा-सोळाच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घेतला असता.

२७ मे, मंगळवार

एक्सएमपी बंद केले. बोर्डाने चौघींना २६६६ वर आणि प्रत्येकीला झेपेल अशा चालीवर आणले. रात्रभर चार फेऱ्या, शून्य चुका. सकाळी एक्सएमपी चालू करून अर्धा तास चाचणी घेतली, ११ चुका. परत बंद केले. निदान पक्के झाले.

वेग कमी झाल्याने काय गमावले हेही मोजले. सर्वांत जड प्रकल्पात प्रोसेसरवरचा भार दाखवणारा रीपरचा मीटर आधी ४६ टक्क्यांच्या आसपास असे, आता ४९ च्या आसपास असतो. खर्च शून्य, आणि बोर्डाचे ९,५०० वाचले.

२९ मे, गुरुवार

दोन दिवस मला एका प्रश्नाने झोप लागू दिली नाही. रॅम चार महिने चुकत होती, तर त्या काळात तिच्यातून गेलेल्या मुद्रणांचे काय? ध्वनी इंटरफेसमधून डिस्कवर जाताना रॅममधूनच जातो, आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतानाही प्रत्येक बाइट तेथूनच जातो.

फेब्रुवारीपासूनच्या ३१२ वेव्ह फाइल आहेत. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या आज्ञेने मूळ फाइल आणि तिची प्रत या दोन्हींची शा-२५६ खूण (फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली, एक बिट बदलला तरी बदलणारी ओळख) काढली आणि ताडून पाहिली. तीन जोड्या जुळल्या नाहीत. त्या तिन्ही जोड्या रीपरमध्ये वरखाली लावून एकीची ध्रुवता उलटवली. दोन फाइल सारख्या असतील तर अशा वेळी पूर्ण शांतता मिळते. येथे दोन जोड्यांत अगदी बारीक, कानाला न कळणारे एकेक टोक उरले आणि तिसरीत स्पष्ट 'टक्' असा आवाज आला. २४ बिटांच्या नमुन्यात खालचा बिट उलटला तर कोणाला कळत नाही, वरचा उलटला तर चाबूक ओढल्यासारखे ऐकू येते. तिन्ही ठिकाणी मूळ फाइल चांगली होती आणि प्रत बिघडलेली होती, म्हणून प्रती नव्याने काढल्या.

पण खुणा जुळल्या म्हणजे सगळे सुरक्षित, असे नाही. मुद्रण होतानाच बिट उलटला असेल तर मूळ फाइलच बिघडलेली असणार आणि तिची प्रतही तशीच बिघडलेली पण तंतोतंत जुळणारी असणार. तेथे कानाखेरीज साधन नाही. म्हणून २ मेच्या सत्रातले सगळे ट्रॅक मी हेडफोन लावून एकेकटे ऐकले. दोन दिवसांत मिळून नऊ तास लागले. विणेकरी बुवांच्या एका अभंगात, शेवटच्या चरणाआधीच्या आलापात, एक टक् सापडली. ती रॅमचीच आहे हे सिद्ध करता येत नाही. पेन्सिलने ती लहर हाताने सरळ करता आली असती, पण मी तो अभंग पुन्हा मुद्रित करायच्या यादीत घातला. त्या आलापावर माझ्या हाताची दुरुस्ती राहू नये असे मला वाटले.

४ जून, बुधवार

आता मुद्दाम त्रास देऊन पाहिले. सर्वांत जड प्रकल्प १२८ नमुन्यांच्या बफरवर, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २.७ मिलिसेकंदांवर, सहा तास फिरवत ठेवला. पडला नाही, पण तीनदा इंटरफेस क्षणभर नाहीसा झाला. तो पेटीच्या पुढच्या यूएसबी छिद्रात लावलेला होता. मागच्या, थेट बोर्डावरच्या छिद्रात लावला आणि पॉवरच्या मांडणीतील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) बंद केले. त्यानंतर पुन्हा सहा तासांत एकदाही गेला नाही. हे दोन्ही बदल एकाच वेळी केले, म्हणून दोहोंपैकी गुण कशाचा हे मला सांगता येणार नाही.

परवान्याच्या पत्राचे उत्तर आज आले, म्हणजे महिनाभराने, आणि प्लगइन चालू झाले.

१४ जून, शनिवार

मंडळी सकाळी नऊला आली. बाहेर पाऊस होता, म्हणून टाळ आणि पखवाज पुसून कोरडे करण्यात पाऊण तास गेला. पखवाजाच्या पुडीला दमटपणामुळे कणीक नेहमीपेक्षा कमी लावावी लागली. आठ चॅनेल, एका वेळी सलग ४० मिनिटे, म्हणजे दर वेळी जवळजवळ पावणेतीन जीबी. असे चार वेळा मुद्रण केले. प्रत्येक विश्रांतीत प्रत काढली आणि तेथल्या तेथे खूण ताडली. सर्व जुळल्या. साडेअकराला वीज गेली. छोटा यूपीएस एकदा वाजला आणि मुद्रण चालू राहिले.

बुवांनी तो अभंग पुन्हा म्हटला. आलाप वेगळा आला, मेपेक्षा संथ.

२ जुलै, बुधवार

बारा अभंग मंडळाच्या स्वाधीन केले. १८ मेपासून विझणे नाही, २७ मेपासून निळी स्क्रीन नाही, आणि रीपर १० मेनंतर एकदाच पडले, तेही एका नव्या प्लगइनच्या चाचणी आवृत्तीमुळे, जी लगेच काढली.

हिशेब असा : गरज नसलेला एसएमपीएस ४,४०० रुपये, गरजेचा यूपीएस २,९०० रुपये. दिवस मोजायचे तर विंडोज पुसण्यात दोन, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमागे एक संध्याकाळ, एसएमपीएसमागे तीन, पट्ट्या एकेकट्या तपासण्यात चार. जुना एसएमपीएस शेजारच्या संगणकावर आठवडाभर लावून पाहिला आहे. तो चांगला आहे, म्हणून त्यावर तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवला आहे. नव्या दोन पट्ट्या दिवाळीच्या सुमारास विकून सोळा-सोळाचा एकच संच घ्यायचा विचार आहे. तो घातल्यावर मेमटेस्टच्या चार फेऱ्यांचा निकाल येथेच लिहीन.